गाडीबद्दल माझं मत

बाबांनी मला गाडीबद्दल तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी उत्तर दिलं, आणि तिन्ही वेळा ते पूर्ण खरं नव्हतं.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. तिरोड्यात आमचं घर आहे, दुकान नाही. आठवड्यातले पाच दिवस ते मोटरसायकलवर बाहेर पडायचे, रोज वेगळ्या दिशेला, आणि तीन-चार गावं करून दिवे लागायच्या आत परत यायचे. गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागायचं, किक मारली की निळा धूर. मागच्या कॅरिअरला लोखंडी पेटी बांधलेली, तिच्यात पेचकस, सुया, शटल, पट्टे आणि तेलाची बाटली. तिचा आवाज वेगळाच होता, कोरडा, फुटका, खूप लांब जाणारा.

मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळा सुटताना तो आवाज मैदानाच्या पलीकडून यायचा आणि माझ्या मागच्या बाकावरची मुलगी खिडकीकडे न बघताच म्हणायची, "युअर ट्रॅक्टर इज हिअर." सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. पाचवीत असताना मी बाबांना सांगितलं की गेटपाशी फार गर्दी असते, तुम्ही अलीकडच्या वळणावर थांबत जा. दुसऱ्या दिवसापासून ते वळणाच्याही आधी इंजिन बंद करायला लागले आणि गाडी उतारावरून नुसती घरंगळत आणायला लागले. मी गर्दीचं कारण दिलं होतं, आवाजाबद्दल बोलले नव्हते. त्यांना ते कसं कळलं, हे मी कधी विचारलं नाही.

दहावीच्या परीक्षेनंतर एक दिवस मी त्यांच्याबरोबर फेरीला गेले. घरी बसून कंटाळा आला होता, एवढंच. वैनगंगेकडच्या एका गावात कडुनिंबाखाली त्यांनी गाडी स्टँडवर लावली, पेटी सोडली, पोतं अंथरलं, आणि इंजिन मात्र सुरूच ठेवलं. मला वाटलं, विसरले.

"बाबा, पेट्रोल जळतंय."

"जळू दे थोडं."

दोन-तीन मिनिटं गाडी तशीच फटफटत राहिली. मग एक दार उघडलं, दुसरं उघडलं. बायका यायला लागल्या. कुणाच्या कडेवर मशीनचं नुसतं डोकं होतं. दोघी मिळून पायमशीन उचलून आणत होत्या आणि वाटेत तीनदा टेकवून एकमेकींना शिव्या देत होत्या. बाबांनी तेव्हा कुठे चावी फिरवली.

"काय गा मिस्त्री, यावेळेस लय दिवस लावले?"

"तुमची मशीन चांगली चालून राहिली होती, मी कायले येऊ?"

"अन् हे पोरगी कोन? तुमची? बोलत नाई का व?"

"बोलते," बाबा सुई ओवता ओवता म्हणाले. "इंग्रजीत बोलते."

त्या खूप हसल्या. माझे कान गरम झाले. एक म्हातारी माझ्याशेजारी येऊन बसली, तिचं मशीन सगळ्यात शेवटी होतं. तिने मला सांगितलं, "तुझा बाप मुका मानूस हाये. बाकीचे फेरीवाले कसे गावभर बोंबलत जातेत. हा गाडी सुरू ठेवते अन् उभा राह्यते. आमी समजतो."

मी दुकानात गेले तर दुकानदार माझ्याकडे बघेपर्यंत हाक न मारता उभी राहते. आजही. त्यामुळे म्हातारीने काय सांगितलं ते मला लगेच समजलं. हाक मारणं टळावं म्हणून बाबांनी वीस-बावीस वर्षं एक गाडी जपली होती, आणि तीस-पस्तीस गावं तिला ओळखत होती. हे सगळं मला ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

मागच्या उन्हाळ्यात गाडीचं पासिंग संपत आलं. पुन्हा पासिंग करायचं तर आधी गाडीचं काम काढावं लागणार होतं. आमचा मेकॅनिक गोंदियाचा, हिंदीतच बोलतो. त्याने इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "अंकल, अभी दम है इसमें. एक बार खोलके बोर करवा लो, फिर पाँच साल देखनाच नहीं." पण किक मारून बाबांचा उजवा गुडघा दुखायला लागला होता, आणि सुटे भाग मिळता मिळत नव्हते. आईचं मत तिने आमच्या दोघांसमोर एका वाक्यात संपवलं. "लग्नात मले आनाले हेच गाडी, आता पोरीले सासरी पोचवाले बी हेच का?"

मी तेव्हा गोंदियात एका राईस मिलच्या ऑफिसात नुकतीच लागले होते, अजूनही तिथेच आहे. रोज ट्रेनने जाणं-येणं. बाबांनी पहिल्यांदा विचारलं ते जेवताना. मी म्हटलं, तुमच्या गुडघ्याचा विचार करा. दुसऱ्यांदा विचारलं ते सकाळी पेटी बांधताना. मी म्हटलं, नवीन गाडीचे ब्रेक चांगले असतात. तिसऱ्यांदा ते मला स्टेशनवर सोडायला आले होते. प्लॅटफॉर्मवर माझ्या शेजारी उभे राहून, रुळांकडे बघत म्हणाले,

"तू शिकेल हायेस. तुले दोनी बाजू दिसतेत. सांग ना, काय करू?"

"नवीन घ्या, बाबा."

बाबा म्हणाले, "नवीन गाडीले आवाज नाई राहत ना पन."

"तेच तर चांगलं आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि विषय संपला. ट्रेन यायला अजून दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत मी काहीही बोलू शकले असते. गुडघा खरा होता, ब्रेक खरे होते. पण 'तेच तर चांगलं आहे' हे वाक्य पाचवीतल्या मुलीचं होतं. बाबा मात्र समजत होते की ते ऑफिसात काम करणाऱ्या, दोन्ही बाजू दिसणाऱ्या मुलीचं आहे.

गाडी आम्ही गोंदियात घेतली. काळी, बटणावर सुरू होणारी. सेल्समनने ती सुरू करून बाबांचा हात टाकीवर ठेवला आणि कौतुकाने म्हणाला, "देखा अंकल? चालू है कि बंद, पताच नहीं चलता." बाबा हसले. जुनी गाडी तिथेच बदल्यात दिली. तिच्यावरून पेटी सोडायला त्यांना बराच वेळ लागला, कारण दोरीच्या गाठी इतक्या वर्षांत घट्ट बसल्या होत्या. मी मदत केली नाही. मी कागदांवर सह्या कुठे करायच्या ते बघत होते.

पहिले पंधरा दिवस बाबा काही बोलले नाहीत. मग मला आईकडून कळलं की ते दुपारीच घरी येतात. एका संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाले, "लोक नाई येऊन राहिले."

"हॉर्न वाजवायचा ना."

"वाजवला. लहान लेकरं आली. एका गावात तं मले पाहून लोकच घरात पयाले. मंग समजलं, त्याइले वाटलं मीटरवाला आला. आकड्याच्या तारा काढाले गेले होते." ते स्वतःच हसले. मीही हसले, आणि त्यामुळे ते बोलणं तिथेच थांबलं.

मग शेजाऱ्यांनी सुचवलं की भंगारवाल्यांकडे असतो तसा छोटा स्पीकर लावा आणि त्यात आवाज भरून ठेवा. बाबांनी स्पीकर आणला. आवाज भरायला ते माझ्याकडे आले.

"तूच बोल. मले नाई जमत."

मलाही जमत नाही हे त्यांना माहीत होतं, पण आमच्या घरात तिसरा पर्याय आई होती आणि ती हसत सुटायची. मी खोलीचं दार लावलं, मजकूर लिहून काढला आणि नऊ वेळा रेकॉर्ड केलं. मला शाळेत जसं मराठी लिहायला शिकवलं होतं तसंच मी लिहिलं. सर्व भगिनींना कळविण्यात येते की, आपल्या गावात शिलाई मशीन दुरुस्तीची सुविधा उपलब्ध झाली आहे. कृपया सर्वांनी लाभ घ्यावा. बाबांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "मस्त झालं. रेडिओवानी."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या मागे बसून गेले. तेच गाव, तोच कडुनिंब. स्पीकर सुरू केला. माझाच आवाज, दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा असा, गावभर फिरला. आणि लोक आले. पाच मिनिटांत वीस-पंचवीस बायका झाल्या. बाबांचा चेहरा उजळला. मग माझ्या लक्षात आलं की एकीच्याही हातात मशीन नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, आणि पिशव्यांत आधार कार्डाच्या झेरॉक्स.

"मॅडम, फॉर्म कुठी भराचा?"

"कसला फॉर्म?"

"मशीनचा. भेटून राहिली ना फुकट?"

"मागच्या बारीले माहं नाव कटलं," दुसरी पुढे घुसत म्हणाली. "यावेळेस पहिलं माहंच लिहा. फोटो बी आनले."

मी बाबांकडे बघितलं. बाबांना उभं राहावं लागलं. एवढ्या लोकांसमोर मोठ्याने बोलताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. "सरकारी स्कीम नाई हे. मी मिस्त्री होय. दुरुस्तीवाला."

"कोन मिस्त्री?"

"फटफटीवाला."

"अग माय, फटफटीवाला का! मंग फटफटी कुठी हाये?"

बाबांनी काळ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"हे? हे तं साहेबाची गाडी दिसते."

थोड्या हसल्या, बऱ्याचशा परत गेल्या. एक तरणी बाई मात्र गेली नाही. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सोडून आली होती. ती बाबांना काही म्हणाली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तूच बोलून राहिली होतीस ना त्याच्यात? माहा अर्धा रोज गेला ना व." एवढं बोलून झेरॉक्स पुन्हा पिशवीत घातली आणि बांधाकडे गेली. माफ करा, हे मी म्हटलं, पण ती ऐकण्याच्या अंतरावर नव्हती. मी मुद्दाम तेवढी थांबले की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

बाबांनी स्पीकर काढून टाकला. आता ते आठवड्यातले तीन दिवस तिरोड्यातल्या एका कापड दुकानाच्या ओट्यावर बसतात. फेरी दोन दिवसांची झाली आहे, त्यातही गावं कमी. गुडघा बरा आहे. कुणी विचारलं तर सांगतात, पोरीने गाडी चांगली निवडली.

गेल्या काही शनिवारपासून मी संध्याकाळी बाबांच्या मोबाइलवरून फोन लावते. उद्या बाबा तुमच्या गावात येत आहेत, मशीन काढून ठेवा, एवढंच सांगायचं असतं. बाबांनी नंबर बायकांच्या नावांनी ठेवलेले नाहीत. आधी गाव, मग मशीन. काळी पायाची. हिरवी मोटरवाली. चाक फुटलेली. फोन लावण्याआधी काय बोलायचं ते मी अजूनही मनात एकदा म्हणून बघते. निम्मे नंबर लागत नाहीत. बाबा शेजारी बसून रॉकेलमध्ये शटल धुतात आणि काही ऐकत नसल्यासारखं करतात.

परवा काळी पायाची होती. नदीपलीकडचं गाव.

"कोन बोलून राहिली?"

"मी मिस्त्रींची मुलगी. शिलाई मशीनवाले."

पलीकडे बाईचा आवाज खाली आला. "मिस्त्री हायेत का?"

"हो, आहेत ना. इथेच बसले आहेत."

"अव बाई! आमी तं समजलो... उन्हाळ्यापासून गाडीचा आवाज नाई, काई नाई. आमी आपसात म्हटलं, गेला बिचारा. चांगला मानूस होता म्हटलं."

"नाही, बरे आहेत. फक्त गाडी बदलली."

"मंग सांगाचं नाई का कोनी? मशीन देली ना म्या भंगारवाल्याले. आता कोन दुरुस्त करन म्हटलं."

मी फोन ठेवला. बाबांनी वर न बघता विचारलं, "काय म्हनते?"

"मशीन भंगारात दिली म्हणे."

मी एवढंच सांगितलं.

"काळी?" त्यांचा हात थांबला. "लय चांगली मशीन होती ते. तिचा पट्टा मीच बदलला होता." थोड्या वेळाने मोबाइलकडे बोट करून म्हणाले, "काढून टाक मंग ते त्याच्यातून."

मी ते काढून टाकलं. खाली त्याच गावातली हिरवी मोटरवाली होती. मी तिला फोन लावला.