एकटी काऊन बसली?

पोरगी एकटी खेळावी म्हणून मी काही केलं की आमच्या घरात एक किस्सा तयार होतो. मैत्रिणींना रोज एक व्हॉइस नोट पाठवते, तरी साठा संपत नाही.

पोरगी म्हणजे माझी ओवी, वय पाच. एकटी खेळ म्हटलं की माझ्या ओढणीला लटकते. नवरा नोकरीला जळगाव जामोदला, शनिवारी येतो. एरवी धामणगाव बढे गावातल्या घरात आम्ही दोघी आणि सासू-सासरे. दुपारी चार ते पाच मी शेगावच्या एका क्लासची गणिताची ऑनलाइन बॅच घेते. क्लासवाल्या सरांनी स्पष्ट सांगितलंय, "मॅडम, मुलगी पुन्हा स्क्रीनवर आली तर बॅच दुसऱ्याला द्यावी लागेल."

म्हणजे मला हवाय एक तास. बस.

*

आधी ठोकळे आणले. ओवी मनोरा रचायला बसली न बसली तोच सासरे, म्हणजे आबा, शेजारी येऊन टेकले. जन्मभर बांधकाम खात्यात कारकुनी केलेला माणूस.

"असं रचतेत काय वं? पाया रुंद पाह्यजे." सगळं पाडून त्यांनी नव्याने काम काढलं.

थोड्या वेळाने माझ्या बॅचमधली पोरं हसायला लागली. मागे वळले तर ओवी खुर्चीला टेकून उभी. म्हणाली, "आबाचं खेळणं झालं का मंग माहा नंबर हाय."

*

मग मूग, हरभरा, चवळी एकत्र करून वाटीभर दिलं, वेगळं कर म्हणून. पोरगी चक्क रमली. सासूबाईंना भरून आलं. "पोरीच्या जातीले कामाची गोडी लागली, बरं झालं," म्हणत त्यांनी तुरीने भरलेलं सूप तिच्या पुढ्यात ठेवलं.

खेळ होता तोवर बसली, त्याचं काम झाल्याबरोबर पळाली. पोरगी माझीच आहे.

*

शेजारच्या काकूंकडे यावर एकच औषध. "एकुलती एक हाय म्हणून असं होते. दुसरं होऊ दे."

मी म्हटलं, "पहिलीला खेळवायला दुसरं. मग दुसऱ्याला कोण सांभाळणार?"

"आजी हाय ना."

इतका वेळ मान डोलावणाऱ्या सासूबाई तटकन म्हणाल्या, "माहे गुडघे दुखतेत बाप्पा."

*

एकदा खरंच जमलं. ओवी कोपऱ्यात बसून चित्र रंगवत होती, तोंडातून शब्द नाही. मी आत वर्गसमीकरण शिकवत होते आणि मनातल्या मनात नाचत होते.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "काऊन वं, एकटी काऊन बसली? बोलत काऊन नाही?" कपाळाला हात लावून झाला. ताप नव्हता, म्हणजे नजरच लागलेली. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या.

घरभर ठसका. ओवी खोकते, आबा खोकतात, मी खोकते. पोरांनी चॅटमध्ये लिहिलं, 'मॅडम, पाणी प्या.'

सासूबाई डोळे पुसत समाधानाने म्हणाल्या, "पाह्य, आता कशी बोलाय लागली."

*

गेल्या मंगळवारी सर स्वतः माझा तास बघणार होते. बॅच ठेवायची की काढायची, ते त्यावर ठरणार होतं. मी आबांना आणि सासूबाईंना हात जोडले. आबांना राग आला. "आमचा काय तरास हाय तुले?"

मागच्या खोलीचं दार घट्ट लावून तास सुरू केला. पाच मिनिटं शांतता, दहा मिनिटं शांतता. मला धडकी भरली, तरी शिकवत राहिले. शेवटी सर म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून अजून एक बॅच घ्याल का?"

धावत बाहेर आले. दारातल्या सगळ्या चपला ओवीने घरात आणून रांगेत मांडल्या होत्या आणि हळू आवाजात त्यांना शिकवत होती. पुढच्या दाराला आतून कडी. बाहेर ओट्यावर गप्पा मारायला बसलेले आबा, सासूबाई आणि काकू, तिघंही अनवाणी.

आबांनी खिडकीचे गज धरलेले. "सूनबाई, कडी काढ वं. कवाचे बोंबलून राह्यलो. हे पोट्टी आयकतच नाही."

ओवीने मागे वळूनही बघितलं नाही. "आबा, थोडा वेळ एकटे खेळा ना."

मी स्वयंपाकघरात गेले आणि माझ्यापुरता चहा ठेवला.