शून्य टाकलं, बेचाळीस दिसलं

भुतंखेतं, संकेत वगैरे मी मानत नाही. अमावास्येला रस्त्यातलं लिंबू ओलांडून ऑफिस गाठणारी बाई आहे मी. तरी हे लिहितेय... कुणाला उलगडलं तर सांगा.

धाराशिवला एका खाजगी कंपनीत मी कंत्राटावर आहे. गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडे आमच्या वेबसाइटवर येतात, तिथंच साठतात. हवामानाचा अंदाज देणारे लोक पुण्यात बसून ते बघतात. तेरखेड्याचं यंत्र महिनाभर बंद होतं. तक्रारी करून करून मी थकले. रकाना रिकामा राहिला की साहेब ओरडतात, म्हणून उन्हाळ्यात तिथं हातानंच शून्य टाकायचं. चूकच ती — पण सगळेच करतात.

मे महिना, सकाळचे अकरा. शून्य टाकलं तर स्क्रीनवर बेचाळीस मिलिमीटर! खोडलं, पुन्हा शून्य टाकलं. पुन्हा बेचाळीस. उठून शेजारच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथंही तेच.

माझा धाकटा भाऊ बाळू तेरखेड्यात फटाक्यांच्या शेडवर कामाला आहे. लगेच त्याला फोन लावला.

"कडक ऊन हाय आक्का. माल वाळाय टाकलाय. पाऊस कुठनं आणलास?"

"मुकादमाला सांग, वादळ येतंय. सगळे घरी जा."

"तुझं मशीन म्हणतंय व्हय?"

"व्हय," म्हणाले. खरं की खोटं, माझं मलाच ठाऊक नव्हतं.

माल भिजेल या धास्तीनं मुकादमानं तो आत घेतला अन् माणसं घरी पाठवली. तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं, शेडवर वीज पडली. अख्खं शेड उडालं... आत कुणी नव्हतं. बाळूचा आवाज ऐकला आणि मी ऑफिसातच रडले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या हातानं मोजायच्या मापकात पाऊस भरला — बेचाळीस. आमच्या साइटवर प्रत्येक नोंद, खाडाखोडसुद्धा, जपलेली असते. उघडून पाहिलं. तेरखेड्यापुढं माझ्या नावानं एकच नोंद, शून्य. बेचाळीस कुठंच नाही. एवढ्या पावसात शून्य कसं, म्हणून मला मेमो मिळाला तो वेगळाच.

हे काय होतं, आजही कळलेलं नाही. शोधायचं त्राणही उरलेलं नाही. शेड पुन्हा उभं राहिलंय. कामाला निघताना बाळू रोज फोन करतो, "आक्का, मशीन काय म्हणतंय?" यंत्र तेव्हाही बंद होतं, आताही बंदच आहे, हे सांगायची माझी हिंमत होत नाही. "जपून जा रे," एवढंच म्हणते.

आणि तो निर्धास्त जातो.