खुर्चीतला मालक

नांदेडला आमच्या चहाच्या टपरीवर एक काका रोज दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. ते कामाला होते ती कापडगिरणी कधीच बंद पडली, पण बगलेतली युनियनची फाईल सुटली नाही. मालकाला निवेदन दिलं, की सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ते हलायचे नाहीत म्हणे.

परवा घरोघर जेवण पोचवणाऱ्या एका रायडरचा आयडी कंपनीनं अ‍ॅपवरून बंद केला. म्हणजे कामच गेलं. दोन लेकरांचा बाप, तो रडकुंडीला येऊन टपरीवर बसलेला.

"मालक कुठं बसतो?" काकांनी विचारलं.

"मालक कुणी पाह्यलाच न्हाई काका. सगळं ह्या मोबाईलात हाय."

काकांनी टपरीतली खुर्ची ओढली, मोबाईल तिच्यावर ठेवला आणि चार रायडर गोळा करून त्याला घेराव घातला. फाईलीतल्या कोऱ्या कागदावर निवेदन लिहिलं, ते मोठ्यानं वाचून त्याचा फोटो अ‍ॅपवर पाठवला. लगेच उत्तर आलं, 'आपली तक्रार मिळाली. धन्यवाद.'

"पोच आली!" रायडर ओरडले.

काकांनी चष्मा वर करून स्क्रीन निरखली.

"सही न्हाई, शिक्का न्हाई. गिरणीचा मालक लई लबाड होता, पण सही तरी करायचा."

मग टपरीवाल्याकडं वळून म्हणाले, "खुर्ची राहू द्या. मालकाला उद्या बी बसवायचंय."