बिनमटणाची मेजवानी

कुवेतमध्ये मी मटण खात होतो, हे माझ्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचं घर नाशिकचं. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. आज हे पहिल्यांदाच लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आखाती युद्धानंतर तेलाचे प्लांट पुन्हा उभे राहत होते, तेव्हा मी तिथल्या अहमदी गावी रुजू झालो. बायको अजून नाशिकलाच होती. आमच्या सेक्शनमधला माझ्याच वयाचा एक कुवेती इंजिनियर मला गुरुवारी संध्याकाळी त्याच्या दिवाणियात नेऊ लागला. दिवाणिया म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली, घराला लागून पण दार वेगळं. भिंतीशी गाद्या, वेलदोड्याची कॉफी, आणि ओळखीच्या कुणीही यावं, बसावं. पहिल्याच खेपेला जमिनीवर प्लास्टिक अंथरून परातभर मचबूस आला. केशरी भात, त्यावर बकऱ्याची अख्खी मांडी, आणि वर परतलेला कांदा, मनुका न् चक्क हरभऱ्याची डाळ. आपण कडेकडेचा भात तेवढा खायचा, असं मी ठरवलं. तो भात मटणाच्याच पाण्यात शिजतो हे मला कळायचं होतं.

पानात टाकायचं नाही, हे अंगात मुरलेलं. मी माझ्यापुढची बाजू चाटूनपुसून साफ केली. तिथली रीत अशी की पाहुण्यापुढची जागा रिकामी दिसली म्हणजे त्याचं पोट भरलेलं नाही. यजमानाने स्वतःच्या बोटांनी हाडापासून मऊ तुकडे सोडवून माझ्यापुढे ठेवले. टाकायचं कसं, म्हणून मी ते संपवले. त्याने आणखी ठेवले. हा माणूस काय भुकेला आहे, असं त्याला वाटत होतं. आणि हा माणूस थांबतोय कधी, असं मला. पण खरं सांगायचं तर मधेच केव्हातरी त्याने थांबू नये असं मला वाटायला लागलं. इतकं चविष्ट मी त्याआधी काही खाल्लं नव्हतं.

मग दर गुरुवारी जायला लागलो. त्या खोलीत माझा हुद्दा, पगार, पासपोर्ट कुणी विचारला नाही. उशीर झाला तर "आमचा मुहंदिस कुठे राहिला?" म्हणून चौकशी व्हायची. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. परक्या मुलखात आपली कुणी वाट पाहतंय, ही चैन मला मचबूसपेक्षाही चढली असावी.

पुढे बायको आली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "अहो, गुरुवारी तिकडे तुम्ही खात नाही ना काही?"

"छे. कॉफी आणि खजूर."

तिने विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, मिरवला. माझ्या आईला फोनवर सांगायची, "आई, इतक्या वर्षांत यांनी तोंडाला लावलं नाही हो! बाकीचे बघा." मी शेजारी उभा राहून पेपर वाचत असल्यासारखं करायचो.

एके दिवशी त्या मित्राने आम्हा दोघांना शुक्रवारच्या जेवणाला बोलावलं. आईला तुझी बायको बघायची आहे, म्हणाला. प्लांटमध्ये त्याला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. बायको खात नाही. मी खातो. तिला माहीत नाही.

तो मोठ्याने हसला. मग म्हणाला, "तिला अवघड वाटेल असं आमच्या घरात काही शिजणार नाही. तुझं तू बघ."

शुक्रवारी बायका आत, आम्ही दिवाणियात. परात आली. त्यात मुवश होता, म्हणजे मुगाचा भात. सोबत भेंडीचा रस्सा, वांगी, दही, आणि लुगैमात, म्हणजे पाकात घोळलेले तळलेले गोळे. मटणाचा तुकडा कुठे नव्हता. कुवेती घरात पाहुण्यापुढे बिनमटणाची परात ठेवणं म्हणजे काय, हे एव्हाना मला कळत होतं. आपल्याकडे जावयाला नुसत्या वरणभातावर उठवण्यातला प्रकार.

मित्राचे काका परातीकडे बघतच राहिले. "काय रे पोरा, कुवेतातल्या बकऱ्या संपल्या? मला सांगायचंस, मी आणल्या असत्या."

"काका, डॉक्टरांनी तुम्हाला कोलेस्टेरॉल सांगितलंय ना?"

"मग माझं कोलेस्टेरॉल पाहुण्याने का भोगायचं? तुझा बाप असता तर या परातीकडे बघून घराबाहेर पडला असता." मग माझ्याकडे वळून, "मुहंदिस, मागच्या गुरुवारी माझ्या शेजारी बसून तूच बरगडी चोखत होतास ना?"

मी दाराकडे पाहिलं. पलीकडे बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मला कामापुरती अरबी येत होती, हे माझ्यामुळे आहे एवढं एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी भेंडी वाढून घेतली. मित्राने हसत हसत काकांचा ग्लास भरला आणि जेवण संपेपर्यंत सगळ्यांची थट्टा एकट्याने झेलली.

परतताना गाडीत बायको भरभरून बोलत होती. मित्राच्या आईचे वडील गलबतावरून मुंबईला यायचे, म्हणून तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. "तुम खाओ बेटी, सब साफ है," असं सारखं म्हणत होती म्हणे. "अहो, मुवश म्हणजे आपली खिचडीच की! आणि स्वयंपाकघरात मी पाहिलं, पातेली नवी कोरी. एकावर दुकानाचं लेबल अजून अर्धं चिकटलेलं. झारेसुद्धा नवे. माझ्यासाठी हो!" तिचे डोळे भरून आले होते.

मी गाडी बाजूला घेतली आणि पहिल्या मचबूसपासून आजच्या काकांच्या थट्टेपर्यंत सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

"आणि मी आईंना काय काय सांगत होते." मग एकदम, "खाल्लंत ते एक वेळ राहू दे. पण तो माणूस तुमच्यासाठी काकांची बोलणी खात होता आणि तुम्ही भेंडी वाढून घेतलीत?"

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी तिने मला फोनपाशी उभं केलं. मित्राच्या घरी फोन लावला, काका अजून तिथेच होते. त्यांना मी माझ्या तुटक्या अरबीत सगळं सांगितलं. पलीकडून असा हशा आला की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. "म्हणजे तू बायकोला घाबरतोस? मग तू आमच्यातलाच!"

बायको मात्र दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "आईंना तुमचं तुम्ही सांगा." ते मी कधीच सांगितलं नाही. आता आई नाही.

पुढच्या शुक्रवारी काकांचा ड्रायव्हर फॉइलने झाकलेली परात घेऊन दारात उभा राहिला. फॉइलच्या फटीतून वास येत होता. मी परात खालच्या मजल्यावर कुणाला देऊन टाकायला निघालो, तर बायको म्हणाली, "कुठे निघालात? त्यांनी तुमच्यासाठी पाठवलंय. ओट्यावर नको, टेबलावर ठेवा."

तिने स्वतःचा आमटीभात वाढून घेतला आणि माझ्यासमोर बसली. मी खाली मान घालून खात होतो.

"कसं लागतं?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत या चवीबद्दल मी मराठीत कुणाशी बोललोच नव्हतो. मग सुरू झालो. मांस हाडापासून कसं आपोआप सुटतं, तळाची खरवड कशी कुरकुरीत असते, मनुका मधेच दाताखाली येतो, आणि सगळ्याच्या मागे एक आंबूस कडवटपणा राहतो, तो वाळवलेल्या काळ्या लिंबाचा.

ती जेवायची थांबून ऐकत होती.

"लिंबू वाळवून घालतात?" ती म्हणाली. "उद्या बाजारातून आणा थोडी. आमटीत घालून बघते."