गाडीच्या डोळ्यावरची टोपी

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. कुसगावात त्यांचा खडीचा धंदा होता आणि तळेगावची माझी मास्तरकी त्यांच्याच शब्दामुळे लागली होती. हे आधीच सांगतो. त्यांचे उपकार विसरून मी पुढचं केलं, असं कोणाला वाटायला नको.

लोणावळ्यातला बंगला विकून निघालेल्या एका मुंबईकराची अमेरिकन गाडी मामांनी साठ सालच्या सुमारास घेतली. तिच्या डॅशबोर्डवर काचेचा एक डोळा होता. समोरून उजेड आला की दिवे आपोआप मंद व्हायचे, उजेड गेला की पुन्हा मोठे. दिवे पायाने मंद-मोठे करायचं बटण निकामी झालं होतं, पण डोळा असताना ते दुरुस्त करणं मामांना कमीपणाचं वाटे. "आमची गाडी सोता बघती," असं ते गावभर सांगत.

डोळा फार हळवा होता. पानाच्या दुकानातल्या बत्तीलाही तो घाबरायचा. आम्ही हसायचो, तेवढंच.

खोपोलीला नात्यातला साखरपुडा होता. परतताना गाडी मी चालवत होतो, शेजारी मामा, मागे बायको आणि तिच्या मांडीवर आमची तान्ही मुलगी. पावसाळ्याचे दिवस. संध्याकाळ व्हायच्या आतच घाट धुक्याने भरून गेला. धुक्यावर आपटून परत येणारा आपलाच उजेड डोळ्याला दिसे आणि दिवे मंद होत. मंद झाले की उजेड कमी पडे, म्हणून पुन्हा मोठे. गाडी सारखी पापण्या मिटत होती.

घाटातल्या ट्रकवाल्यांची एक रीत होती. वळणावर दोन-तीनदा दिवे मंद केले, म्हणजे 'मी थांबलोय, तू ये.' मामांच्या खडीच्या ट्रकवरच मी गाडी शिकलो, म्हणून मला ती ठाऊक होती. आमची गाडी समोरच्याला 'ये, ये' म्हणत होती आणि मी मात्र चढ चढत होतो.

वळणावर ट्रक सरळ अंगावर आला. मी गाडी डोंगराकडे घातली. ट्रकचं मडगार्ड वीतभर अंतरावरून गेलं आणि तो पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"आवो पावनं, या या म्हनता आन् सोताच येता व्हय? जेवायला बोलावून ताट उचलायची रीत हाय का तुमच्याकडं?"

"गाडी आपोआप करते," मी म्हणालो.

"मग गाडीलाच मागं बसवा!"

ट्रक गेला. मुलगी रडत होती. मी रुमाल काढून गाडीच्या डोळ्यावर टाकला. पांढऱ्या कापडातून उजेड जातच होता, दिवे पुन्हा लुकलुकले.

"मामा, तुमची टोपी द्या."

"काय म्हनालात, जावईबापू?"

"काळी आहे. डोळा झाकायला हवा."

"त्या डोळ्याचं पैसं मोजल्यात मी. तुमी मुकाट हाकायचं."

मी हात लांबवला आणि त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून डोळ्यावर घातली. मागून बायको "अहो!" म्हणाली. दिवे मोठे झाले आणि मोठेच राहिले. हॉर्न वाजवत, पायी चालल्यासारखी मी गाडी वर आणली. मामा बोडक्या डोक्याने बाहेर बघत बसले होते. त्यांच्याच मुलीसमोर त्यांना मी असं बसवलं, याची लाज मला त्याच वेळी वाटत होती. तरी हात मागे गेला नाही.

त्या दिवसापासून मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे चुलत सासऱ्यांनी मध्यस्थी केली. कुसगावात चार माणसांत मी मामांच्या पाया पडलो. "टोपी काढली, त्याची माफी मागतो. डोळा झाकला, त्याची नाही."

"दोन्ही एकच हाय," मामा म्हणाले आणि उठून आत गेले.

परतीच्या आगगाडीत बायकोने विचारलं, "'डोळा झाकला, तेही चुकलं' एवढं एक वाक्य बोलून मिटलं असतं ना?"

"मिटलं असतं. मग पोरीला घेऊन पुन्हा मामांच्या त्याच गाडीत बसावं लागलं असतं."

तिने पोरीला खांद्यावर घेतलं. मामा आमच्या घरी पुन्हा कधीच आले नाहीत. दिवाळीला बायको एकटीच माहेरी जायची आणि डोळे सुजवून परतायची. ते दुःख तिच्या पदरात मीच घातलं, हे मला कबूल आहे. ते वाक्य मात्र मी तेव्हा बोललो नाही, आणि आज कोणी विचारलं तरी बोलणार नाही.