एकाच नाकाचे राज्य

मी काढलेल्या चित्रांत प्राचीन काळी सगळ्यांना एकच नाक होते, आणि ते माझे होते.

मी ठाण्याच्या कचेरीत कारकून आहे. आमच्या आळीच्या तोंडाशी गोविंदशेटचा शिळाछापखाना आहे. तिथे दगडावर चित्र काढून त्याचे छाप कागदावर उठवतात. शेटला एक गमतीची चित्रकथा छापायची होती: फार जुन्या काळचा एक राजा, त्याच्या मुलीचे लग्न, आणि त्या लग्नात शिरलेला हारचोर. अट एकच. "ज्याला अक्षर येत नाही त्यालाही राजा कोण, भटजी कोण, चोर कोण, हे बघताक्षणी कळलं पाहिजे!" आळीत चित्रे काढणारा मी एकटाच, त्यामुळे काम मलाच मिळाले. (एकटे असण्याइतके कलेला पोषक दुसरे काही नाही!)

पहिले चित्र मी बायकोला दाखवले.

"यातला राजा कोण?" तिने विचारले.

"मुकुट घातलाय तो."

"आणि मुकुट काढून झोपला, की राणीनं ओळखायचा कसा?"

नेमका तेव्हाच तिचा धाकटा भाऊ दामू कल्याणहून राहायला आला. त्याने चुलीतला एक कोळसा उचलला आणि ओसरीवर राजा काढला. त्या राजाचे पोट त्याच्याआधी दरबारात पोहोचत होते! मग भटजी काढला. त्याचा एक डोळा होमावर, दुसरा दक्षिणेवर. बायको तोंडाला पदर लावून हसली. लग्न झाल्यापासून ती माझ्या कुठल्याच विनोदाला इतकी हसली नव्हती. (मला हसली होती. ते वेगळे.) त्या क्षणी माझ्या पोटात जे पेटले, त्यावर पुरणाचा स्वयंपाक झाला असता.

शेटच्या कानावर हे गेलेच. "दोघंही लग्नाचं पान करा," तो म्हणाला. "दोन्ही पानं दारावर लावू. लोक ज्याच्यापुढे थांबतील, त्याला पुस्तक."

दामू छापखान्यातल्या खास कागदावर काढू लागला. तो कागद मग दगडावर दाबायचा, की चित्र तिथे आपोआप उतरते. कागद म्हणजे शिकाऊ माणसाचे काम! मी थेट दगडच घरी आणवला. हमालाने तो देवघरापुढे टेकवला आणि दामूबरोबर आलेल्या सासूबाईंनी, काही न विचारता, त्याला हळदकुंकू वाहिले.

"भाऊजी, दगडावर काढायचं तर आधी एक..."

"दामू, मला शिकवू नकोस!"

"तसं नव्हे हो, पण सगळं जर..."

"अगं, तुझ्या भावाला जेवायला वाढ!"

दामू जेवायला गेला, आणि मी पात्रे वेगळी करायला बसलो. राजाला सासऱ्यांच्या मिशा दिल्या. आणि चोराला, देव मला क्षमा करो, दामूच्या डाव्या गालावरचा ठसठशीत तीळ दिला. नाक मात्र हाताच्या सवयीने माझेच आले. (तीळ मलाही आहे, पण उजव्या गालावर. तेव्हा धोका नव्हता.) ज्या पोराने माझ्या मुलींना मांडीवर घेऊन हत्ती-घोडे काढून दाखवले, त्याला मी भरबाजारात चोर ठरवायला निघालो होतो, आणि तो तीळ गोल यावा म्हणून जीभ दाताखाली धरून बसलो होतो!

पाने लागली त्या दिवशी छापखान्याच्या दाराशी ही गर्दी! आणि सगळी माझ्या पानापुढे! मी नम्र चेहरा करून पुढे घुसलो. तिथे शेजारचे विष्णुभट काठी आपटत होते.

"भटजीचं जानवं उजव्या खांद्यावर? अहो, राजकन्येचं लग्न लावतोय की श्राद्ध?"

मी पाहिले आणि गार पडलो. खरेच श्राद्ध! मागची अख्खी पंगत डाव्या हाताने जेवत होती. खुद्द राजा डाव्या हाताने अक्षता टाकत होता. दगडावर काढलेले कागदावर उलटे उमटते, डावे ते उजवे होते, एवढेच दामू बिचारा मला सांगू पाहत होता.

इतक्यात बाळकुमचा भाजीवाला पास्कोल टोपली खाली ठेवून पुढे आला. त्याने चोराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा चोराकडे पाहिले.

"यो त आपला कारकून!"

मी घाईघाईने उजवा गाल हाताने झाकला. ज्यांनी ओळखले नव्हते त्यांनीही मग ओळखले!

मला वाटले, आता शेट माझे कपाळ त्याच दगडावर आपटणार. पण तो हसून हसून डोळे पुसत होता. "जानवं-बिनवं मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत, गंमत म्हणून! आणि लोक थांबले ते तुमच्याच पानापुढे, कारकून!"

माझी छाती फुगली.

"चोराला बघायला थांबले. तेव्हा पुस्तक दामू काढेल, पण चोर हाच ठेवायचा."

तेव्हापासून दर रविवारी दामू ओसरीवर कागद घेऊन बसतो, आणि मी हातात बायकोची मोहनमाळ धरून त्याच्यापुढे चोरासारखा उभा राहतो. तो फार गोड बोलून काम करवून घेतो. "भाऊजी, मान थोडी वाकवा. खांदा खाली. पाय असा नको, तसा." उभे राहणेसुद्धा मला धड जमत नाही. मग तो म्हणतो, "आणि चेहऱ्यावर जरा जळफळाट आणा."

एवढी एकच गोष्ट त्याला मला कधी दोनदा सांगावी लागलेली नाही.