चंद्रपूरहून दोन तास

ती सकाळ मी आजही विसरलेलो नाही.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शिकाऊ वैमानिकांची एक छोटी धावपट्टी आमच्या हद्दीत होती. साडेनऊला निनावी फोन आला. "साहेब, धावपट्टीवर ताडपत्र्या अंथरल्यात, कडंनं दगडं मांडलीत. खाली काय पुरलंय का बघा."

एरवी मी हसलो असतो. सुगीत लोक डांबरावरच सोयाबीन वाळवतात. पण आठच दिवसांपूर्वी धावपट्टी उडवून देण्याच्या धमकीचं पत्र आलं होतं, आणि संशयित वस्तूला हात लावायचा नाही, असा आदेश होता. बॉम्बशोधक पथक सोलापूरहून यायला दीड तास लागणार होता.

त्या दिवशी तिथं उतरणारं विमान मात्र सकाळी आठलाच चंद्रपूरहून निघालं होतं. हवेतून सरळ अंतर चारशे किलोमीटरच्या आत, त्या लहान विमानाला दोन तास. आत एक शिकाऊ मुलगी, एकटी. लातूरकडं विजा चमकत होत्या, त्यामुळं तिला तिकडं वळवताही येईना.

आम्ही जीपनं धावपट्टीवर पोचलो. तिथला वॉचमन साठीचा होता. मी त्याची गचांडी धरली. "कुणी मांडलं हे? बोल! पोरगी मेली तर तुला फासावर चढवीन."

"मला काय ठावं न्हाय," एवढंच तो पुटपुटला. पुढं तोंडच उघडेना. दहा मिनिटं मी नुसता ओरडत होतो.

तेवढ्यात धावपट्टीच्या खोलीतल्या वायरलेसवर मुलीचा आवाज आला. "मी जवळ आलेय. उतरू का?" मी तिला वरच घिरट्या घालायला सांगितलं.

आमचे हवालदार बेंबळीचे, म्हणजे याच भागातले. त्यांनी वॉचमनला बाजूला नेलं, पाणी दिलं. "तात्या, तुमच्या हिशेबानं विमान कवा यायचं होतं?"

"दिस मावळता," म्हातारा रडायला लागला. "आटला निघणार म्हणले व्हते. तिथनं येष्टीला रात अन् दिस लागतो. इमान लई पळालं तरी सांज व्हईल, म्हणलं. लेकीचं सोयाबीन हाय ते. आभाळ आलं म्हणून म्याच झाकलं."

माझा त्याच्यावर विश्वास बसेना. तो स्वतःच पळाला आणि पहिली ताडपत्री ओढली. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. खाली पिवळंधमक सोयाबीन होतं. मग आम्ही सगळ्यांनी ताडपत्र्या फरफटत नेल्या, दगड लाथेनं ढकलले. दहा मिनिटांनी विमान टेकलं.

मुलगी उतरली आणि म्हाताऱ्यालाच म्हणाली, "काका, पाणी मिळेल?" तो धावत जाऊन तांब्या भरून घेऊन आला.

नोकरीभर मी समजत होतो, की दरारा बसला की माणूस बोलतो. त्या दिवशी माझ्याच दराऱ्यानं एका निरपराध माणसाची वाचा बसली, आणि वर एक लेकरू घिरट्या घालत राहिलं.

'वॉचमनने सुरुवातीस माहिती दिली नाही,' अशी नोंद मी स्टेशन डायरीत केली. का दिली नाही, ते लिहायचं धाडस मला झालं नाही. ते आज लिहितोय.